सुटका झाली, पण औषधाचे काय?

रविवारची वंदना आटोपली, लोक चपला घालून घराकडे निघाले, तरी एक मावशी विहाराच्या पायरीवर बसून राहिल्या. जवळ गेल्यावर त्यांनी पिशवीतून गोळ्यांची रिकामी पट्टी काढून हातात दिली.

"ताई, पोरगं सुटून आलंय. आत त्याला टीबीच्या गोळ्या चालू होत्या. खिशात होत्या तेवढ्या घेतल्या, आता संपल्या. खासगी डॉक्टरकडं नेलं तर म्हणाले, कागद नाही, सगळं पहिल्यापासून तपासावं लागंल. एक्सरे, रक्त, फी धरून दोन हजार गेले. बचत गटातून उचलले. आता पुढं काय करू?"

मुलगा चौदा महिने कच्चा कैदी होता. जामिनाचा कागद संध्याकाळी तुरुंगात पोहोचला आणि तासाभरात त्याला बाहेर सोडले. कपड्यांची पिशवी, थोडे पैसे आणि गेटवरची सही, एवढेच घेऊन तो घरी आला. त्याच्या आजाराची फाईल मात्र आतल्या दवाखान्याच्या कपाटात राहिली.

मावशींचे दोन हजार रुपये जायला नको होते. टीबीची तपासणी फुकट आहे आणि औषधही फुकट आहे. त्यासाठी रेशनकार्डसुद्धा लागत नाही. पण हे त्यांना गेटवर कोणी सांगितले नाही आणि वस्तीतही कोणी सांगितले नाही. सुटून आलेल्या माणसाच्या उपचाराचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न आपल्या अनेक घरांत येतो. तो उघडपणे विचारला जात नाही, कारण घरात कोणी आत गेले होते हे सांगायची लाज वाटते. म्हणून या वेळचे आरोग्य पान याच प्रश्नासाठी आहे.

आत असताना खर्च कोणाचा?

तुरुंगात असलेला माणूस शासनाच्या ताब्यात असतो. तो स्वतःहून दवाखान्यात जाऊ शकत नाही आणि मेडिकलमधून गोळी आणू शकत नाही. म्हणून त्याच्या उपचाराची पूर्ण जबाबदारी शासनाची. १८९४ च्या तुरुंग कायद्यातही प्रत्येक तुरुंगाला वैद्यकीय अधिकारी असला पाहिजे असे लिहिलेले आहे. राज्यघटनेच्या कलम २१ ने दिलेला जगण्याचा हक्क तुरुंगाच्या दारात काढून घेतला जात नाही. घटनेनुसार तुरुंग हा राज्याचा विषय आहे, म्हणून आतल्या डॉक्टरचा पगार, औषधे आणि सरकारी रुग्णालयात नेण्याचा खर्च राज्याच्या तिजोरीतून होतो. आतली सोय अपुरी असते, हे आत राहून आलेला कोणीही सांगेल. पण खर्च कोणी करायचा याबद्दल वाद नाही.

वाद सुरू होतो तो गेटच्या बाहेर. सुटकेच्या क्षणी तुरुंग खात्याची जबाबदारी संपते आणि माणूस आरोग्य खात्याच्या दारात उभा राहतो. एका खात्याने हात सोडला आणि दुसऱ्याने अजून धरला नाही, अशा मधल्या दिवसांत आजार मात्र थांबत नाही. साखर वाढायची ती वाढते, फिट यायची ती येते.

आपल्या देशात हे मधले दिवस फार जणांच्या वाट्याला येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे शंभरात जवळजवळ ७६, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. शिक्षा झालेल्या कैद्याची सुटकेची तारीख आधी कळते. कच्च्या कैद्याची सुटका जामिनाच्या कागदावर असते, आज येईल किंवा सहा महिन्यांनी येईल. त्यामुळे सुटकेआधी औषध बांधून देणे आणि कागद तयार ठेवणे होतच नाही.

आणि हे कैदी कोण आहेत? दर पाच कैद्यांमागे साधारण एक अनुसूचित जातीचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत आपले प्रमाण १६.६ टक्के होते. जामीन भरायला पैसा नाही आणि वकील करायला ऐपत नाही, म्हणून आपली माणसे आत जास्त दिवस काढतात. तेव्हा हा प्रश्न दुसऱ्या कोणाचा नाही, आपल्याच गल्लीतला आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न कसा मांडला गेला

सुटलेल्या कैद्याच्या औषधाचा खर्च केंद्राने करायचा, राज्याने करायचा की त्याने स्वतः, यावर अमेरिकेत अनेक वर्षे उघड वाद चालू आहे. तो समजून घेण्यासारखा आहे. तिथल्या काळ्या समाजाशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्या समाजाचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले ते तिथल्या ब्लॅक पँथरवरून. त्याच ब्लॅक पँथरनी आपल्या वस्त्यांमध्ये मोफत दवाखाने चालवले होते, हे आपल्याकडे कमी जणांना माहीत आहे. आजही अमेरिकेत लोकसंख्येत काळे लोक सुमारे सातव्या हिश्श्याइतके, तर तुरुंगात जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतके आहेत. आपल्याला हे चित्र ओळखीचे वाटेल.

अमेरिकेत १९६५ साली गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी आरोग्य योजना सुरू झाली. तिचा खर्च केंद्र सरकार आणि राज्य सरकार वाटून घेतात. केंद्र किमान निम्मा वाटा देते आणि गरीब राज्यांना त्याहून जास्त देते. पण त्याच कायद्यात एक अट होती, की तुरुंगात असलेल्या माणसावर केंद्राचा पैसा खर्च करायचा नाही. त्याला बाहेरच्या रुग्णालयात दाखल करावे लागले तरच अपवाद. आतला बाकी सगळा खर्च ज्याचा तुरुंग त्याचा, म्हणजे राज्याच्या तुरुंगात राज्याचा आणि जिल्ह्याच्या कोठडीत जिल्ह्याचा.

पुढे १९७६ साली टेक्सासमधल्या एका कैद्याचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तुरुंगात काम करताना त्याच्या अंगावर कापसाची गाठ पडली होती आणि नीट उपचार मिळाले नाहीत अशी त्याची तक्रार होती. तो स्वतः खटला जिंकला नाही. पण कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे ही घटनेने बंदी घातलेली क्रूर शिक्षा आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यातून एक विचित्र परिस्थिती तयार झाली. आत असताना उपचार हा हक्क ठरला आणि बाहेर आल्यावर मात्र तो हक्क उरला नाही. मेडिकेड तेव्हा मुख्यतः लहान मुले, गरोदर स्त्रिया, मुलांचे गरीब आईबाप, वृद्ध आणि अपंग यांच्यासाठी होती. तुरुंगातून सुटलेला एकटा, धडधाकट दिसणारा गरीब पुरुष यांपैकी कशातच बसत नव्हता.

याचे परिणाम २००७ साली एका वैद्यकीय अभ्यासात दिसले. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या ३०,२३७ लोकांची नोंद तपासण्यात आली. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका राज्यातील इतर लोकांपेक्षा १२.७ पट निघाला. नशेच्या पदार्थाचा डोस जास्त होऊन मरण्याचा धोका तर १२९ पट होता. आत महिनोन्‌महिने नशा न केल्याने शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन पूर्वीइतकेच घेतले की श्वास बंद पडतो. गर्दच्या विळख्यात मुले गेलेल्या आपल्या वस्त्यांनीही ही गोष्ट लक्षात ठेवावी.

खर्चाचा वाटा बदलला, तेव्हा दार उघडले

२०१० साली अमेरिकेत नवा आरोग्य कायदा झाला. त्यानुसार २०१४ पासून ठरावीक उत्पन्नाखालच्या कोणत्याही प्रौढाला मेडिकेड मिळण्याची सोय झाली. मुले असोत वा नसोत, तुरुंगात जाऊन आलेला असो वा नसो. खर्चाचा प्रश्न केंद्राने असा सोडवला: पहिली तीन वर्षे नव्या लाभार्थ्यांचा शंभर टक्के खर्च केंद्राचा, पुढे तो थोडा थोडा कमी करत २०२० पासून ९० टक्के केंद्राचा आणि १० टक्के राज्याचा.

मात्र २०१२ साली न्यायालयाने सांगितले की हा विस्तार राज्यांवर सक्तीचा करता येणार नाही. आज चाळीस राज्यांनी तो स्वीकारला आहे. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी यांनी स्वीकारलेला नाही. यांतल्या बहुतेक राज्यांत काळ्या लोकांची वस्ती मोठी आहे. एकाच देशात सीमेच्या अलीकडे सुटलेल्याला कार्ड मिळते, पलीकडे मिळत नाही.

कार्ड असले तरी आणखी एक अडचण होती. माणूस तुरुंगात गेला की अनेक राज्ये त्याचे नाव योजनेतून कायमचे कापत. सुटल्यावर पुन्हा अर्ज, पुन्हा कागद, पुन्हा वाट पाहणे. आणि धोका तर पहिल्या दोन आठवड्यांतच! म्हणून नाव कापू नका, फक्त थांबवून ठेवा आणि सुटकेच्या दिवशी पुन्हा चालू करा, अशी मागणी झाली आणि ती हळूहळू मान्य झाली.

पुढचे पाऊल २०२३ सालचे. सुटकेच्या आधीच्या ९० दिवसांपर्यंत काही ठरावीक सेवांसाठी केंद्राचा पैसा तुरुंगात वापरण्याची परवानगी सर्वांत आधी कॅलिफोर्निया राज्याला मिळाली. नंतर केंद्राने सगळ्या राज्यांसाठी अटी घातल्या. सुटणाऱ्याची आरोग्य तपासणी करून बाहेरच्या डॉक्टरशी गाठ घालून द्यायची, नशेवरचा उपचार द्यायचा आणि गेटमधून बाहेर पडताना ३० दिवसांची औषधे हातात द्यायची. राज्य आधीपासून करत असलेला खर्च यामुळे वाचला, तर तो पैसा कैद्यांच्या आणि सुटलेल्यांच्या आरोग्यावरच लावायचा, अशीही अट घातली.

हे सगळे कायम टिकेलच असे नाही. २०२५ साली तिथे झालेल्या नव्या कायद्याने या विस्तारातील प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचे दाखवण्याची अट घातली आहे. राज्यांनी ती २०२७ च्या सुरुवातीपर्यंत लागू करायची आहे. सुटून आलेल्याला पहिले तीन महिने त्यातून सूट आहे. तुरुंगातून आलेल्याला तीन महिन्यांत काम मिळते का, हे आपल्यालाही ठाऊक आहे. हक्क कागदावर आला तरी त्यावर पहारा ठेवावा लागतो.

"चोराला कशाला फुकट औषध?"

हा प्रश्न अमेरिकेत विचारला गेला, तसा तो आपल्या गल्लीतही विचारला जातो. कष्ट करून सरळ जगणाऱ्या माणसाला तो पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर रागाने न देता शांतपणे द्यावे.

पहिली गोष्ट, आत असलेल्या शंभरातल्या सुमारे ७६ जणांना अजून कोणत्याही न्यायालयाने गुन्हेगार ठरवलेले नाही. दुसरी, ज्याला शिक्षा झाली त्याला न्यायालयाने स्वातंत्र्य गमावण्याची शिक्षा दिली आहे, आजारपणाची नाही. ती शिक्षा भोगून तो आला आहे. तिसरी, टीबी दहा बाय दहाच्या खोलीत एकट्याला गाठत नाही. तिथे म्हातारी आहे, तान्हे मूल आहे. सुटलेल्याला औषध मिळाले नाही तर तोच आजार शेजाऱ्याच्या घरात जातो. चौथी, खर्च टळत नाही. औषधाला शंभर रुपये नाकारले की पुढे अतिदक्षता विभागाचे हजारो रुपये कोणालातरी द्यावेच लागतात, शासनाला किंवा व्याजाने पैसे काढणाऱ्या आईला.

आपल्याकडे पैसा कोणत्या खिशातून येतो?

सुटलेल्या कैद्यांसाठी अमेरिकेसारखी वेगळी तरतूद करण्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. पण सुटलेला माणूस नागरिक म्हणून ज्या योजनांत बसतो, त्यांच्या अटींत "तुरुंगात होता का" हा प्रश्न नाही. हे नीट लक्षात घ्या. कोणी त्या कारणावरून परत पाठवत असेल, तर ते चूक आहे.

सरकारी दवाखाना. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय यांत येतात. खर्च राज्याचा. महापालिकेची रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्यांकडे आहेत, तिथे थोडी फी लागू शकते. रोजच्या गोळ्या, म्हणजे रक्तदाब, साखर, फिट आणि मानसिक आजार यांसाठी हेच दार.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ साली तिला जोतिबांचे नाव मिळाले. २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली आहे. आता कोणत्याही रंगाचे रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. केंद्राच्या यादीत असलेल्या कुटुंबांचा खर्च ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य करते, बाकीच्यांचा राज्य करते. मात्र हे कार्ड रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. शस्त्रक्रिया, डायलिसिस, हृदयाचा झटका, कर्करोग यांना ते उपयोगी पडते. रोजच्या खोकल्याच्या किंवा साखरेच्या गोळ्या त्यावर मिळत नाहीत. हा फरक न कळल्याने अनेक जण नाराज होऊन घरी परततात.

टीबी आणि एचआयव्हीचे कार्यक्रम. टीबीची थुंकी तपासणी आणि औषधे मोफत. शिवाय उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी खात्यात पैसे येतात. आधी ते महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये आहेत. हा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात. एचआयव्हीची औषधे २००४ पासून एआरटी केंद्रांत मोफत मिळतात, तो खर्च केंद्राचा.

कामगार विमा. सुटल्यावर महिना २१,००० रुपयांपर्यंत पगाराचे आणि विमा लागू असलेले काम मिळाले, तर त्याला आणि घरच्यांना ईएसआयचे उपचार मिळतात. त्यात बाह्यरुग्ण विभागही आला. पगाराच्या ०.७५ टक्के कामगार देतो, ३.२५ टक्के मालक. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली प्राध्यापक अडारकर यांच्याकडे कामगार आरोग्य विम्याची आखणी सोपवली होती. त्यातूनच १९४८ चा कायदा आला. तेव्हा ठेकेदाराकडे लागलेल्या मुलाचा विमा कापला जातो का, हे विचारायला संकोच करू नका.

या सगळ्या खिशांत पैसा येतो कुठून? करातून आणि कष्टातून. आपण साबण घेतो, मोबाईलचे रिचार्ज मारतो, त्यावर कर भरतो. आपल्या मावशीही भरतात. म्हणून हे कार्ड कोणाचे उपकार नाहीत, आपल्याच पैशातला आपला वाटा आहे. पैसा नाही हे कारण सांगून शासनाला हात झटकता येत नाहीत. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या बंगालमधील एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात स्पष्ट केले की तातडीचा उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि निधीची अडचण हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही.

या योजनांपर्यंत पोहोचता आले नाही, तर उरतो तो शेवटचा खिसा, घरच्या बाईचा. मंगळसूत्रातले मणी, बचत गटाचे कर्ज, धुण्याभांड्याचे आणखी एक घर. आपल्याकडे सुटलेल्या कैद्याच्या आजारपणाचा खर्च आज बहुतेक वेळा तीच करते.

घरच्यांनी काय करावे?

माणूस आत असतानाच. मुलाकातीला गेल्यावर त्याला विचारा, आत कोणता आजार निघाला, कोणत्या गोळ्या चालू आहेत, दिवसातून किती वेळा. घरी येऊन वहीत लिहून ठेवा. रेशनकार्डावर त्याचे नाव आहे का ते पाहा. "तो घरी नाही" म्हणून नाव कमी करू नका. प्रत्येक सदस्याची ई-केवायसी मागितली जाते, आत असलेल्याची ती राहून गेलेली असू शकते. रेशन दुकानदाराला आणि शिधावाटप कार्यालयात किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत तसा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. त्याचे आधारकार्ड आणि बँकेचे पासबुक एका पिशवीत सांभाळून ठेवा.

जामिनाची तारीख जवळ आली की वकिलांना सांगा: "साहेब, आतल्या दवाखान्याचे कागद आणि चालू औषधे सुटताना मिळावीत, असा अर्ज करा." खासगी वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो आणि अनुसूचित जातीच्या माणसाला सुटल्यावरही मिळतो. फोन १५१००.

सुटकेच्या दिवशी गेटवर मोबाईल आणि पैसे मोजून घेतो, तशीच औषधे आणि कागदही मागून घ्या. टीबी असेल तर निक्षय नोंदणी क्रमांक विचारा. त्या क्रमांकावर देशातल्या कोणत्याही सरकारी केंद्रात उपचार पुढे चालू राहतात. एचआयव्ही असेल तर एआरटी केंद्राचे बदलीपत्र मागा.

पहिल्या आठवड्यात त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. कागद नसला तरी न्या. फिटच्या, मानसिक आजाराच्या किंवा साखरेच्या गोळ्या एक दिवसही बंद ठेवू नका. टीबीचा रुग्ण असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, तीही मोफत आहे. तो गप्प बसत असेल, रात्री झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन लावून द्या, मराठीत बोलता येते. आणि नशेची जुनी सवय असेल, तर पहिले पंधरा दिवस त्याला एकटे सोडू नका.

रुग्णालयात दाखल करायची वेळ आली तर योजनेत असलेल्या रुग्णालयात जा आणि आरोग्यमित्राला भेटा. तो प्रवेशाजवळच्या मदत कक्षात बसतो. रेशनकार्ड आणि फोटो असलेले ओळखपत्र दाखवा. अडचण आली तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करा. आयुष्मान कार्डाची चौकशी १४५५५ वर, एचआयव्हीची १०९७ वर आणि टीबीची १८०० ११ ६६६६ वर होते.

विहाराने काय करावे?

एका घराने धावपळ करण्यापेक्षा वस्तीने मिळून मागणी केली तर ती टिकते. प्रत्येक विहार समितीने आरोग्याची एक वही ठेवावी. कोणाच्या घरातला माणूस आत आहे हे फळ्यावर लिहायचे नाही, ते फक्त दोन विश्वासू कार्यकर्त्यांना माहीत असावे. आशाताईंशी त्यांची ओळख असावी, म्हणजे सुटलेला माणूस पहिल्याच दिवशी केंद्रात पोहोचेल.

आणि शासनाकडे आपण तीन गोष्टी मागू शकतो. सुटणाऱ्या प्रत्येकाला, जामिनावर सुटणाऱ्यालाही, गेटवर ३० दिवसांची औषधे आणि एका पानाची वैद्यकीय माहिती द्या. आत असलेल्याचे नाव रेशनकार्डातून कापू नका आणि त्याची ई-केवायसी तुरुंगातच शिबिर लावून करा. आयुष्मान कार्ड सुटकेआधी तयार ठेवा. यातल्या एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. पैसा तर शासन आधीच देत आहे, तो योग्य माणसापर्यंत वेळेवर पोहोचावा एवढेच मागणे आहे.

त्या मावशींबरोबर दुसऱ्या दिवशी आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. टीबीच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याने मुलाचे नाव आणि जुना मोबाईल क्रमांक विचारला. संगणकात आतली नोंद सापडली. आठ दिवसांचा खंड पडला होता. डॉक्टरांनी तपासून गोळ्या पुन्हा चालू केल्या, पासबुकाची झेरॉक्स घेतली आणि घरातल्या चौघांना तपासणीला बोलावले. केसपेपरचे पैसे लागले नाहीत. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "एवढंच होतं तर त्या गेटवर का नाही सांगितलं?"

बचत गटाचे दोन हजार त्या अजून फेडत आहेत.